पॅकीचा तिसरा रविवार

बुधवार, १५ ऑक्टोबर

ही डायरी शेतकी सोसायटीने फुकट वाटली. प्रत्येक पानाखाली शेतकऱ्याला एक सल्ला. आजचा: मेंढ्यांचे खूर तपासा. मेंढ्या नाहीत, म्हणून माझे तपासले. ठीक आहेत.

नूला मावशीचं दुकान जुन्या डेअरीत आहे. लोकांना वाटतं आम्ही जुने कपडे विकतो. मावशी म्हणते, कपडे नाही गं, रूप. म्हणजे डब्लिनची बाई आत येताना बँकेतली दिसते, आणि बाहेर पडताना वाटतं की आत्ताच गायीचं बाळंतपण करून आली आणि तरी केस जागच्या जागी. हे काम माझं. नियम एकच, मीच काढलेला: अंगावर एक वस्तू जड हवी, एक नाजूक हवी आणि एक मोडकी हवी. जाड ट्वीडचा कोट, गळ्यात रेशमी रुमाल, हातात दांडा तुटलेली अंड्यांची टोपली. झालं. गमबूट नवेकोरे असतील तर मागच्या अंगणात चहात माती कालवून मी त्यांना फासते. वर गोष्ट फुकट. कालच एका फ्रेंच जोडप्याला सांगितलं, ही टोपी घातलेल्या माणसावर दोनदा वीज पडली, टोपीला काही झालं नाही. माणसाचं त्यांनी विचारलं नाही.

शाळेतून मला काढलं ते पण असंच. घंटा एक तास आधी दिली. चारशे पोरं घरी गेली. मुख्याध्यापकही गेले.

आज माल आला. पॅकी गिलहीनीचा. दलदलीच्या वाटेवर बहिणीबरोबर राहायचा, दोघंही बिनलग्नाची. गेल्या महिन्यात गेला, गोठ्यात चारा टाकता टाकता. त्याच्या पुतण्याची बायको काल दोन पिशव्या दारात ठेवून गेली, घर आवरतेय म्हणाली. एक पूर्ण सूट निघाला. हिरवट करडा ट्वीड, कोट, जाकीट, पँट, आणि एक टोपी. खिशात सुतळी, पेपरमिंटच्या तीन गोळ्या आणि गायीच्या कानातला पिवळा बिल्ला. गोळ्या मी खाल्ल्या. कोट हँगरला लावला की डावा खांदा खाली येतो. तीनदा सरळ केला. परत खाली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

पँट कापली. आरशासमोर उभं राहून माझ्याच मापाची केली. मी पाच फुटांना अंगठाभर कमी, तर पॅकीचे पाय बरेच उरले. त्या तुकड्यांतून कुत्र्याची बंडी शिवली. दुपारी एक जर्मन बाई तिच्या लांबुडक्या कुत्र्याला ती घालून घेऊन गेली. कुत्रा माझ्याकडे असा बघत होता जसा मी त्याचा अपमान केलाय. मावशी म्हणाली, ऊना, तू एक दिवस नरकात जाणार. मी म्हटलं, तिथे काय घालतात सध्या?

सोमवार, २० ऑक्टोबर

आज ऊन बरं होतं, म्हणून दुकानाच्या पानावर टाकायला व्हिडिओ केला. पॅकीचा कोट, टोपी, गमबूट. जड वस्तू कोट, मोडकी वस्तू वाकडी काठी. नाजूक वस्तू म्हणजे माझे पाय, कारण कोट इतका लांब की आतली आखूड चड्डी दिसेच ना. जागा निवडली गिलहीनींच्या फाटकाची. लोखंड गंजून छान लाल झालंय, मागे दलदल, फोटोत मस्त येतं. फोन भिंतीवर टेकवला.

मग काय डोक्यात आलं कोण जाणे, पॅकी चालायचा तशी चालले. उजवा पाय ओढत, डावा खांदा पाडून, न दिसणारी बादली उचलल्यासारखं. गावात सगळ्यांना ठाऊक आहे ती चाल. फाटकाशी थांबून कोपर टेकवलं, थुंकायचं नाटक केलं. मीच इतकी हसले की व्हिडिओ हलला.

घराच्या खिडकीत कोणी नव्हतं. मी बघितलं होतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

व्हिडिओ भरपूर लोकांनी बघितला. एकाने लिहिलं, हा म्हातारा कोण, भाड्याने मिळेल का. स्लायगोचा फिंटन म्हणून लग्नाचे फोटो काढणारा आहे, तो दुपारीच येऊन कोट आणि जाकीट घेऊन गेला. नवरदेवांना घालणार म्हणे, खिशात नेच्याचं पान खोचून. पँटला कोणी विचारलं नाही.

उजव्या कमरेत चमक भरलीय. सायकलची सीट बदलायला हवी.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आज हसू येत नाहीये. लिहून काढते.

ह्यूईकाका आला दुकानात. पॅकीचा शेजारी, त्याच्याच अंगकाठीचा. टोपी हातात धरून बराच वेळ गमबूट बघत राहिला. मग मावशीला विचारलं, असा असा सूट आलाय का. पॅकीची सून, त्या पुतण्याची बायको, म्हणाली होती धर्मादाय पेटीत टाकला, पण ती खोटं बोलते तेव्हा कानातलं चाचपते, आणि ती चाचपत होती.

मावशी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, का, काय झालं?

ह्यूईकाकाने सांगितलं. तसं मला माहीत होतं, आजीच्या तोंडून ऐकलेलं, पण हल्ली कोण करतं? माणूस मेला की त्याच्या मापाच्या कोणीतरी त्याचे चांगले कपडे घालून तीन रविवार चर्चमध्ये मिस्साला, प्रार्थनेला जायचं. तीन झाले की ते कपडे पलीकडे त्याचे होतात. नाहीतर तिकडे तो उघडाच. पॅकीचे दोन रविवार ह्यूईकाकाने घातले. दर शनिवारी पॅकीची बहीण टीझी आजी सूटला इस्त्री करायची. तिसऱ्या शनिवारी कपाट उघडलं तर नुसता हँगर.

मी म्हटलं, दोन झाले ना, पुष्कळ झाले.

तो म्हणाला, "सोमवारी पॅकी फाटकाशी आला होता. टीझीने बघितला. कोट होता, टोपी होती. खाली गमबुटापर्यंत काही नाही, पोरी. उघडे पाय."

मी काउंटर पुसायला घेतलं, स्वच्छ होतं तरी.

तेव्हापासून टीझी आजीने दार लावलेलं नाही. त्यांचं दार जुन्या पद्धतीचं, दोन अर्ध्यांचं. वरचं अर्धं नाही, खालचं अर्धं नाही. तो अर्धवट कपड्यात थंडीत फिरतोय आणि आपण दार लावून शेकायचं? ती चुलीपाशी बसते, ताटात बटाटे वाढते, त्याच्या बाजूला ठेवते. छातीत घरघर सुरू झालीय. नर्स दोनदा येऊन गेली. आता सून म्हणते, म्हातारीचं डोकं फिरलंय, दोन तारखेच्या रविवारी संध्याकाळी येऊन डब्लिनच्या वृद्धाश्रमात नेते.

ह्यूईकाका गेला. मी मावशीला म्हटलं, विचित्र माणसं आहेत. मावशी म्हणाली, तो व्हिडिओ काढून टाक. ओरडली असती तर बरं झालं असतं.

रविवार, २६ ऑक्टोबर

सायकलवरून गिलहीनींच्या वाटेने गेले. तिकडे काही काम नव्हतं. दार उघडं होतं. धूर आत जायचा की बाहेर हे त्यालाच ठरवता येत नव्हतं. आत तिची शाल दिसली, आणि खोकला ऐकू आला. मला थांबून सरळ सांगायचं होतं: आजी, ती मी होते, माझे पाय होते, पॅकी ठीक आहे. तीन वाक्यं. शाळेची घंटा देताना एवढा विचार केला नव्हता.

नाही सांगितलं. घरी येताना पायडल मारताना उजवा पाय साथ देईना. सीट बदललीय तरी.

पानाखालचा सल्ला: हिवाळ्याआधी गोठ्याची दारं तपासा. डायरी छापणाऱ्याला माझ्याशी काय वैर आहे?

मंगळवार, २८ ऑक्टोबर

बसने स्लायगोला. वाटेत ठरवलं काय सांगायचं ते. फिंटनच्या स्टुडिओत शिरल्या शिरल्या चेहरा लांब केला आणि म्हटलं, त्या कोटाचा मालक कशाने गेला ते आत्ता कळलं. गायींचं गजकर्ण. कपड्यात चार वर्षं राहतं. आधी मानेवर येतं, मग जिथे नको तिथे.

तो दोन पावलं मागे सरकला, पण मला वाटलं होतं तितका दचकला नाही. मग त्याने फोटो दाखवले. तीन नवरदेव, तीन वेगवेगळी लग्नं, तोच कोट. एक उंच, एक जाडा, एक लाल केसांचा. तिघांचा डावा खांदा पडलेला, उजवा पाय मागे. फिंटन म्हणाला, शंभरदा सांगितलं सरळ उभे राहा, राहतात आणि परत कलतात, जणू शेजारी काहीतरी टेकायला आहे. नवऱ्यामुली वैतागल्या. ने तुझा कोट.

मी म्हटलं, शिवणच वाकडी असेल. बसमध्ये कोट मांडीवर होता. पेपरमिंटचा वास येत होता. गोळ्या मी केव्हाच खाल्ल्यात.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

ह्यूईकाकाला दुकानात बोलावलं. म्हटलं, सूट सापडला, कसा ते विचारू नको. त्याने पडद्याआड जाऊन घातला आणि बाहेर आला. कोट बसला, जाकीट बसलं. पँट पोटरीपर्यंत. त्याचे केसाळ पाय बघून एरवी मी जमिनीवर लोळले असते.

"उरलेली कुठेय?"

"एका कुत्र्याने घातलीय. जर्मनीत."

त्याने पाय बघितले, मग मला बघितलं, वरपासून खालपर्यंत. "कोणाच्या मापाची कापलीस?"

"माझ्या."

"मग झालं तर."

मी म्हटलं, मी मुलगी आहे, ह्यूईकाका. तो म्हणाला, पॅकीला जाऊन विचार, त्याला चालत नसेल तर दुसरा शोधू. आणि तीन रविवार लागोपाठच हवेत असं कुठे लिहून ठेवलंय? तीन म्हणजे तीन.

फादर एमेकांना विचारायला मावशीच गेली. ते नायजेरियाचे, मला वाटलं त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. कम्युनियनचा प्रसाद घेताना टोपी काढ म्हणावं, इतकंच म्हणाले.

अख्खं गाव असणार. शाळेतली पोरंपोरी, गायनवृंदातल्या बायका. मला बघून हसायला त्यांना वर्षानुवर्षांची सवय आहे. ती मीच लावली.

शनिवार, १ नोव्हेंबर

नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सूट घालून गेले टीझी आजीकडे. मला वाटलं, निदान बरा दिसावा. म्हणून सजवला. बाह्या दुमडल्या, अस्तराची पट्टी दिसेल अशा. कोट मोठा होतो म्हणून कमरेला गवत बांधायची सुतळी आवळली. कॉलर वर. गळ्यात मावशीचा तपकिरी रेशमी रुमाल, छातीवर पितळेची पिन, तितर पक्ष्याची. खरं सांगते, मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं रूप होतं ते.

दार सताड उघडं. आत बाहेरइतकाच गारठा. टीझी आजी खुर्चीत, दोन शाली, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. सावकाश बघितलं तिने.

"हे काय बांधलंयस?"

"कंबर दिसावी म्हणून."

"त्याला नव्हती."

तिने सुतळी सोडवली. बोटं गार, पण गाठ एका झटक्यात सुटली. बाह्या खाली केल्या, बोटांच्या टोकांपर्यंत आल्या. कॉलर पाडली. रुमाल काढून घडी करून माझ्या हातात दिला. पिन काढली, बघितली, म्हणाली, हा पक्षी त्याने कधी मारला नाही, घाबरायचा बंदुकीला. वरचं बटण लावलं, इतकं घट्ट की मला आवंढा गिळता येईना. मग मागे सरून बघितलं. आता काहीच रूप नव्हतं. नुसता सूट होता आणि आत मी.

"चाल बघू."

मी चालले. सरळ, मुलीसारखी, चुलीपासून दारापर्यंत.

"तशी नाही. फाटकाशी चालत होतीस तशी."

माझे कानच तापले. तोंडातून काहीतरी निघालं, सॉरी असेल. मी विचारलं, कळलं होतं तुम्हाला?

"खोकला जोराचा आहे माझा, डोळ्यांना काही झालेलं नाही. पॅकी कधी हसायचा नाही एवढा."

"मग ह्यूईकाकाला का सांगितलंत पॅकी आला म्हणून?"

ती चुलीत टर्फचं, दलदलीतल्या जळाऊ मातीचं, एक ढेकूळ सारत होती. तिने घाई केली नाही. म्हणाली, "आलाच होता. तुला काय वाटतं, तू तुझ्या डोक्याने आलीस? एवढी फाटकं आहेत गावात."

मी म्हटलं, तुमच्या फाटकाचा रंग छान आहे म्हणून आले.

"बरं," ती म्हणाली. "तो कोणाच्या तरी पायांनीच येणार ना. त्याचे आम्ही पुरले."

मी दार लावू का म्हणून विचारलं. थरथरत होती ती. नको म्हणाली, उद्यापर्यंत नको. जाताना तिने ताटातला एक बटाटा माझ्या हातावर ठेवला, पॅकीच्या बाजूचा. मी खाल्ला. नाही म्हणायला सुचलंच नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

साडेअकराची मिस्सा. मावशीने गाडी पार दारापर्यंत आणली. टीझी आजी माझ्या हाताला धरून उतरली. खरं तर मीच तिला धरलं होतं.

आत शिरलो आणि माना वळल्या. मी ठरवलेलं: कोणी फुसकन हसलं तर मीही हसणार, वाकून नमस्कार करणार, विषय संपवणार. मधल्या वाटेने निघालो. चौथ्या बाकापाशी उजवा पाय मागे राहिला. मी ओढला. पुढच्या पावलाला परत राहिला. शपथ, मी काही करत नव्हते. डावा खांदा उतरला, हाताला ओझं लागलं. मी सरळ व्हायला बघितलं, नाही होता आलं. टीझी आजी माझ्याबरोबर त्याच चालीने चालत होती, एवढ्या वर्षांची सवय असल्यासारखी, माझं पाऊल राहिलं की थांबायची, आलं की टाकायची.

कोणी हसलं नाही. केविन म्हणून माझा वर्गमित्र आहे, त्याच्या पायाखाली मी एकदा बेडूक सोडला होता. तो उठून उभा राहिला. मग त्याची आई. मग एक एक करून सगळी बाजू, बाकं न वाजवता. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाच्या जरा वर, टोपीच्या उंचीवर बघत होते, पॅकीचा चेहरा जिथे असायचा तिथे.

कम्युनियनला टोपी काढली. फादर एमेकांनी माझं नाव घेतलं नाही, नुसती मान हलवली.

परत आलो तेव्हा पाऊस बारीक लागला होता. मावशी सुनेची गाडी आली तर परतवून लावायला फाटकाशी थांबली. आम्ही दोघी आत. टीझी आजी खुर्चीत बसली ती बसलीच, कोटही नाही काढला. मी समोरच्या बाकावर टेकले, त्याच्या जागी, कारण दुसरी जागा नव्हती. कंबर इतकी दुखत होती की मी पाय लांब करून दोन मिनिटं डोळे मिटले. मनात होतं, जरा दम खाते, मग उठून दार लावते, मग सूट काढून तिच्या हवाली करते.

डोळे उघडले तेव्हा खोली गरम होती. टीझी आजीची मान छातीवर आलेली, घरघर होती पण हळू. पुटपुटली, "दार लावलंस का?"

नाव नाही घेतलं तिने. कोणाला विचारत होती ठाऊक नाही. मी उठायला म्हणून वळले, आणि बघितलं.

वरचं अर्धं लागलेलं होतं, खालचं अर्धं लागलेलं होतं. मधली गंजलेली खिटी, जी मला नीट सरकवताही आली नसती, ती पुरती आत गेली होती. आजीच्या मांडीवर मांजर झोपलं होतं, म्हणजे ती उठली नव्हती. मी उठल्याचं मला आठवत नाही. खिडकीतून मावशी दिसत होती, लांब, फाटकाशी, पाठमोरी.

"लावलंय," मी म्हटलं.

"मग बरं," ती म्हणाली, आणि झोपली.